यंत्राचा पडदा आणि माणसाची नजर

दुपारची वेळ. एटीएम कक्षाच्या काचेतून आलेले ऊन थेट यंत्राच्या पडद्यावर पडले आहे. एक सेवानिवृत्त शिक्षक चष्मा कपाळावर चढवून, पुन्हा खाली ओढून पडद्यावरची अक्षरे लावू पाहत आहेत. मागे चौघेजण उभे आहेत. आधी खाते निवडायचे की रक्कम, याचा उलगडा होण्यापूर्वीच वेळ संपते, कार्ड बाहेर येते आणि पडदा पुन्हा पहिल्या पानावर जातो. ‘वय झाले, आता हे आपल्याला जमायचे नाही,’ असे पुटपुटत गुरुजी बाजूला होतात. मागचा तरुण पुढे सरकतो आणि पडद्याकडे फारसे न पाहताच, सवयीने चार बटणे दाबून नोटा घेऊन जातो.

असा प्रसंग देशातील कोणत्याही गावात, कोणत्याही बँकेच्या यंत्रापुढे घडू शकतो. त्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे गुरुजींनी सगळा दोष स्वतःकडे घेतला. वास्तविक उन्हात न दिसणारी अक्षरे, अपुरा वेळ आणि गोंधळात टाकणारा क्रम हे तिन्ही दोष यंत्राच्या रचनेतले होते. माणसाचे डोळे, कान, बोटे आणि स्मरणशक्ती यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या दीडशे वर्षांत त्यांपैकी कित्येकांचे मोजमाप करून ठेवले आहे. ते विचारात न घेता आखलेला पडदा शहाण्यासुरत्या माणसालाही अडाणी ठरवतो; आणि बँकेच्या व्यवहारात असा गोंधळ केवळ मनस्तापावर थांबत नाही, त्यात पैसा जातो.

माणूस आणि संगणक जेथे एकमेकांना भेटतात त्या जागेला तंत्रज्ञ ‘इंटरफेस’ म्हणतात. पडद्यावरचा मजकूर, चित्रे, बटणे, यंत्रातून येणारा आवाज, पावती हे सारे त्यात आले. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे. काउंटरमागचा रोखपाल हाही एक इंटरफेसच होता, आणि फार उत्तम होता. पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर एक शून्य जास्त पडले, तर तो मान वर करून ‘किती म्हणालात?’ असे विचारत असे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा संभ्रम त्याला दिसे, ऐकू कमी येते हे त्याच्या ध्यानात येई, आणि तो आपोआप आवाज चढवी. यंत्राला हे काहीच दिसत नाही. म्हणून रोखपालाच्या ठायी स्वाभाविक असलेले शहाणपण यंत्रात आगाऊ भरून ठेवावे लागते.

चार आकड्यांची गोष्ट

जगातील पहिल्या रोकड देणाऱ्या यंत्रांपैकी एक २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेच्या शाखेत सुरू झाले. त्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे, म्हणजे १९२५ सालच्या आसामातले. त्या यंत्रासाठी प्लास्टिकचे कार्ड नव्हते. खास रसायन लावलेली कागदी हुंडी यंत्रात सरकवायची, गुप्त संख्या दाबायची आणि दहा पौंड घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. (गुप्त संख्येच्या एकस्वासाठी मात्र जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याने आदल्याच वर्षी अर्ज केला होता. या दोघांपैकी खरा जनक कोण, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.)

शेफर्ड-बॅरन यांनी २००७ साली बीबीसीला सांगितलेली एक घरगुती आठवण रचनाशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. गुप्त संख्या सहा आकडी असावी, असा त्यांचा मूळ विचार होता. लष्करातील आपला सहा आकडी क्रमांक त्यांना पाठ होता. स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून त्यांनी हे पत्नीला बोलून दाखवले. आपल्याला चारच आकडे लक्षात राहतात, असे तिने सांगितले. चार आकडी संख्येची प्रथा तेथून पडली. भारतात १९८७ साली मुंबईत एचएसबीसी बँकेने पहिले एटीएम बसवले. तोपर्यंत ही प्रथा जगभर रूढ झाली होती.

त्या गृहिणीचे उत्तर शास्त्राला धरूनच होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली असे मांडले होते, की तात्कालिक स्मृतीत एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात. त्यात दोन इकडे-तिकडे. पुढे २००१ साली नेल्सन कोवान यांनी दाखवून दिले, की मनातल्या मनात घोकण्याची किंवा गट पाडण्याची सोय काढून घेतली, तर हा आकडा चारच्या आसपास येतो. दूरध्वनीचा दहा आकडी क्रमांक आपण सलग कधीच सांगत नाही. पाच-पाचचे किंवा तीन-तीन-चारचे तुकडे पाडून सांगतो. ती स्मृतीचीच सोय आहे. हे ओळखणारा पडदा एका पानावर दहा-बारा पर्याय मांडत नाही, आणि मागच्या पानावर दिसलेला संदर्भ क्रमांक पुढच्या पानावर आठवून लिहायला लावत नाही.

स्मृतीच्या आणखी एका खोडीने एटीएमच्या रचनाकारांना प्रारंभी चांगलाच त्रास दिला. काही यंत्रे आधी नोटा देत आणि मग कार्ड परत करीत. परिणामी माणसे नोटा घेऊन निघून जात आणि कार्ड यंत्रातच राही. यात वेंधळेपणाचा प्रश्न नव्हता. माणूस ज्या हेतूने आलेला असतो तो साध्य झाला, की मन ते काम मिटवून टाकते. त्यानंतर उरलेली बारीकसारीक पायरी निसटते. छायाप्रत हातात आली की मूळ कागद यंत्राच्या काचेखालीच राहतो, तेही याच कारणाने. मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेर या संशोधकांनी १९९७ साली या प्रकारच्या चुकीचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. उपाय अगदी साधा होता: कार्ड उचलल्याखेरीज नोटा द्यायच्या नाहीत. ‘कार्ड घेण्यास विसरू नका’ अशी पाटी लावूनही जे साधले नव्हते, ते नुसता क्रम उलटा केल्याने साधले. पाट्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

डोळ्याला जे दिसत नाही

समोरचे सगळे दृश्य आपल्याला एकाच वेळी स्वच्छ दिसते, अशी प्रत्येकाची समजूत असते. ती खरी नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक अगदी लहान खळगा असतो; बारीक अक्षरे वाचण्याइतकी तीक्ष्ण दृष्टी तेवढ्याच जागेत असते. हात समोर ताणून अंगठा उभा धरला, तर अंगठ्याच्या नखाने झाकली जाईल साधारण तेवढी, म्हणजे दीड-दोन अंशांची जागा एका क्षणी नीट दिसते. बाकीचे सगळे अंधुक. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत ठिकठिकाणची चित्रे गोळा करतो आणि मेंदू त्यांची सलग गोधडी शिवून देतो. ती इतकी बेमालूम असते, की टाके कधी दिसतच नाहीत.

त्यातही लक्ष जेथे नाही तेथे डोळा पोहोचून उपयोग नसतो. डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शॅब्रिस यांनी हार्वर्डमध्ये केलेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी विख्यात आहे. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून पांढऱ्या सदऱ्याच्या संघाने किती वेळा चेंडू दिला, हे प्रेक्षकांना मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत आली, तिने छाती बडवली आणि ती निघून गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘दैनंदिन मर्यादा ओलांडली’ असे लिहिले, की ग्राहकाला कळवल्याचे समाधान बँकेला मिळते. ग्राहकाचे लक्ष मात्र रक्कम भरायच्या चौकटीत असते. त्याच्या लेखी ती सूचना म्हणजे तो गोरिलाच होय. म्हणून चुकीची सूचना जेथे चूक झाली त्या चौकटीलगतच उमटावी, असा नियम रचनाकार पाळतात. पडद्यावर सतत हलणारी जाहिरात ठेवणे त्याहून वाईट, कारण नजरेच्या कडेला होणारी हालचाल डोळा नकळत टिपतो आणि वाचन तुटते. कर्जाची जाहिरात झळकवण्याचा मोह बँकांना आवरत नाही. परंतु पिन टाकायच्या पानावर तरी तो आवरायला हवा.

रंगांचाही विचार करायचा असतो. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूपाशी निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर बारीक निळी अक्षरे वाचणे तरुण डोळ्यांनाही जड जाते. निळा रंग पार्श्वभूमीला शोभतो, अक्षरांना नाही. तांबडा आणि हिरवा यांत गल्लत करणारे पुरुष युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे बारामागे एक आढळतात. भारतात हे प्रमाण त्याहून कमी असले, तरी देशभरातील पुरुष खातेदारांचा विचार केला तर ती संख्या थोडी नव्हे. व्यवहार यशस्वी झाल्याचा हिरवा ठिपका आणि फसल्याचा तांबडा ठिपका त्यांना सारखाच दिसतो. हिरव्यावर बरोबरची खूण आणि तांबड्यावर फुली काढली, की रंग न ओळखताही अर्थ कळतो.

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतले भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या तुलनेने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. राखाडी पार्श्वभूमीवर फिकी राखाडी अक्षरे ही आजकालची लाडकी शैली; ती आखणारे बहुधा पंचविशीतले असतात आणि ती वाचून निवृत्तिवेतन काढणारे सत्तरीतले.

आपल्या लिपीचे दुखणे त्याहून वेगळे. देवनागरी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षर असा मजला चढतो आणि उतरतो. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या ओळीत मराठी मजकूर बसवला, की एकतर वरच्या मात्रा कापल्या जातात, नाहीतर अक्षर इतके लहान करावे लागते की ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक पुसला जातो. इंदूर, बडोदा किंवा बेळगावच्या यंत्रावर हिंदी, गुजराती वा कन्नड पर्याय निवडणाऱ्यांनाही, लिपी निराळी असली तरी, याच अडचणीचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवावा लागतो. भाषेचा पर्याय देणे ही पहिली पायरी झाली. त्या लिपीला ओळीत पुरेशी जागा देणे ही दुसरी. ती अनेकदा राहून जाते.

शून्य किती आहेत?

इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८७१ साली एक घरगुती प्रयोग प्रसिद्ध केला. मूठभर घेवड्याचे दाणे एका तबकाकडे उधळायचे आणि त्यातील पांढऱ्या डबीत किती पडले, हे एका दृष्टिक्षेपात सांगायचे. असे त्यांनी हजाराहून अधिक वेळा केले. तीन किंवा चार दाणे असताना त्यांची एकदाही चूक झाली नाही. पाच दाण्यांपासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढत गेल्या. चारपर्यंतच्या वस्तू आपल्याला न मोजता दिसतात; त्यापुढे मोजावे लागते.

आता १००००० ही रक्कम अशी सलग लिहिलेली पाहावी. पाच शून्ये आहेत की चार, हे क्षणभर कळत नाही. १,००,००० असे लिहिले की शून्यांचा एकही गट तिनापेक्षा मोठा राहत नाही आणि रक्कम वाचावी न लागता दिसते. असे असूनही कित्येक पडद्यांवर रक्कम भरताना स्वल्पविराम उमटत नाही. दहा हजारांऐवजी एक लाख पाठवण्याची चूक तेथे जन्म घेते.

आपल्या धनादेशाला हे फार पूर्वीच उमगले होते. रक्कम अंकांत लिहायची आणि अक्षरांतही लिहायची, ही रीत उगाच पडलेली नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १८ नुसार अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असली, तर अक्षरी रक्कम खरी मानली जाते. शून्य सहज निसटते. ‘लक्ष’ हा शब्द निसटत नाही. मोबाइलच्या पडद्यावर अंकांखाली अक्षरी रक्कम दाखवणारे ॲप ही शंभर वर्षांहून जुनी शिकवणच पुन्हा गिरवत असते.

खाते क्रमांकाची कथा याहून गंभीर आहे. निधी हस्तांतरणात पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव तेथे निर्णायक नसते. क्रमांक अकरा ते सोळा आकड्यांचा, म्हणजे स्मृतीच्या आवाक्याबाहेरचा. एका कागदावरून पाहून टाकताना ४७ चे ७४ होणे अत्यंत स्वाभाविक आहे. तो क्रमांक दुसऱ्यांदा टाकून घेण्याची आणि पहिला झाकून ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. नाहीतर माणूस मूळ कागदाऐवजी वरच्या चौकटीतला चुकलेला क्रमांकच उतरवून काढेल. आयएफएससी संकेतांकात असाच एक सापळा आहे. अकरा चिन्हांच्या त्या संकेतांकात पहिली चार बँकेची अक्षरे, शेवटची सहा शाखेची, आणि मधले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. ते ‘ओ’ या रोमन अक्षरासारखे दिसते आणि अक्षरांच्या रांगेत आल्यामुळे लोक ते अक्षर समजूनच टाकतात. जे चिन्ह कधी बदलतच नाही, ते ग्राहकाने टाकायचे तरी कशासाठी, हा प्रश्न रचनाकारांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

या साऱ्यावरचा सर्वांत मोठा उपाय १ एप्रिल २०२५ पर्यंत लागू करण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले: आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थीचे खात्यावरील नाव पाठवणाऱ्यास पाहता येण्याची सोय. पंधरा आकड्यांतील एक चुकीचा आकडा डोळ्याला पकडता येत नाही. परंतु सुनेच्या नावाऐवजी कोणा परक्याचे नाव समोर आले, तर हात तेथेच थांबतो.

बोटे आणि प्रतीक्षा

बँकेतील कर्मचाऱ्यांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. संगणकाच्या आकड्यांच्या कळांवर आणि गणनयंत्रावर ७-८-९ ही ओळ सर्वांत वर असते. एटीएमवर आणि दूरध्वनीवर १-२-३ ही ओळ वर असते. दिवसभर काउंटरवर डोळे मिटून आकडे ठोकणारा कर्मचारी संध्याकाळी एटीएमपुढे पिन चुकवतो, कारण पिन त्याच्या आठवणीत कमी आणि बोटांत अधिक असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने बटणांच्या दूरध्वनीसाठी निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून तपासून घेतल्या. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून १-२-३ वर ठेवण्याची मांडणी पुढे आली आणि एटीएमने दूरध्वनीचीच वाट धरली.

५ या कळीवरचा उंचवटा अनेकांनी कधी पाहिलेलाच नसतो, पण बोटाने तो पुष्कळदा जोखलेला असतो. त्याच्या आधाराने न पाहता इतर नऊही कळा सापडतात. स्पर्शपडद्याच्या सपाट काचेवर हा आधार संपला. तेथे बोटाला केवळ डोळ्याचा भरवसा. म्हणून बटण मोठे हवे आणि ‘पुष्टी करा’ व ‘रद्द करा’ यांच्यात पुरेसे अंतर हवे. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे पोहोचण्याचा वेळ अधिक, हे पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच सूत्रबद्ध केले आहे. कापऱ्या हाताच्या माणसाला ते सूत्र ठाऊक नसते, अनुभवाने मात्र पुरेपूर माहीत असते.

बटण दाबल्यावर पुढे काय घडते, याचेही ठरावीक हिशेब आहेत. एक दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला, तर ‘आपण दाबले आणि झाले’ असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते आणि शंका सुरू होते. पैशाच्या व्यवहारात ही शंका महागात पडते. पडदा निश्चल राहिला की ग्राहक बटण पुन्हा दाबतो आणि वीजबिल दोनदा भरले जाते. यंत्राच्या पोटात नोटा मोजल्याचा फरफर आवाज येतो तेव्हा मात्र कोणी अस्वस्थ होत नाही. काम चालू असल्याची ती खात्री असते. फिरते चक्र किंवा ‘आपला व्यवहार सुरू आहे, बटण पुन्हा दाबू नका’ हा मजकूर त्या आवाजाचेच काम पडद्यावर करतो.

कानाची बाजू

चित्र, अक्षर आणि आवाज एकत्र आले म्हणजे बहुमाध्यम झाले, आणि माध्यमे जितकी अधिक तितके चांगले, असा समज पुष्कळ काळ होता. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडले, की कार्यरत स्मृतीत दृश्यासाठी आणि शब्दांसाठी निरनिराळी दालने असतात. चित्र पाहताना त्याचे स्पष्टीकरण कानावर पडले, तर दोन्ही दालने कामाला लागतात आणि समज वाढते. परंतु तोच मजकूर पडद्यावर लिहिलेला आणि आवाजातही, असे केले की डोळा पुढे धावतो, कान मागे राहतो आणि दोन्ही एकमेकांच्या पायांत येतात. रिचर्ड मेयर यांनी कॅलिफोर्नियात केलेल्या अनेक प्रयोगांत हा परिणाम आढळला. ‘कृपया आपला पिन टाका’ हे वाचून आणि टाकून झाल्यावरही यंत्र ते वाक्य बोलतच राहिले, म्हणजे हीच भानगड.

ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मात्र आवाज हाच सारा पडदा असतो. २०१२ साली युनियन बँक ऑफ इंडियाने अहमदाबादेत दृष्टिहीनांसाठी बोलके एटीएम सुरू केले. रिझर्व्ह बँकेने पुढे १ जुलै २०१४ पासून बसवले जाणारे प्रत्येक नवे एटीएम बोलके आणि ब्रेल कळांचे असावे, असा निर्देश दिला. अशा यंत्राला इअरफोन जोडला की सूचना कानात ऐकू येतात, आणि हवा असल्यास पडदा काळा करता येतो, म्हणजे मागे उभ्या माणसाला शिल्लक दिसत नाही. तोवर अनेक दृष्टिहीन खातेदारांना पिन दुसऱ्याला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजही कित्येक ठिकाणी खाच आहे पण इअरफोनची गरज कोणाला ठाऊक नाही, सुरक्षारक्षकालाही नाही. शाखेत एक इअरफोन ठेवण्यास आणि रक्षकास ती खाच दाखवून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

नोटांच्या बाबतीत बोटांची सोय रिझर्व्ह बँकेने केली आहे. आजच्या मालिकेत १००, २०० आणि ५०० रुपयांच्या नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर अशी एकच आहे. लांबी मात्र १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर, म्हणजे फरक चार-चार मिलिमीटरचा. दोन नोटा एकमेकींवर ठेवल्याखेरीज तो बोटांना जाणवत नाही, म्हणून कडेच्या उठावदार रेषा महत्त्वाच्या: शंभराच्या नोटेवर चार, पाचशेच्या नोटेवर पाच. नोट झिजली की उठाव जातो. जानेवारी २०२० मध्ये आलेले ‘मनी’ हे ॲप मोबाइलच्या कॅमेऱ्यातून नोट ओळखून तिचे मूल्य बोलून सांगते.

दुकानातून दिसणारा बोलका डबा हे आवाजाच्या योग्य वापराचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणावे लागेल. भाजीवाल्याचे हात तागडीत, डोळे गिऱ्हाइकावर. मोकळे असतात ते कान. पैसे आल्याची रक्कम मोठ्याने, त्याच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू येईल अशी सांगितली जाते. खोट्या पावतीचे चित्र मोबाइलवर दाखवून माल घेऊन जाणाऱ्यांची कला त्यामुळे बरीच निष्फळ झाली.

सवयीचा फायदा घेणारे

माणसाच्या आकलनाच्या मर्यादा जाणणारे केवळ रचनाकार नसतात, भामटेही असतात. जुने फर्निचर विकायला काढलेल्या गृहस्थांना दूरध्वनी येतो, ‘पैसे पाठवतो आहे, आलेली विनंती स्वीकारा आणि पिन टाका.’ पडदा ओळखीचा, बटण ओळखीचे. पिन टाकणे हे काम बोटांनी शेकडो वेळा केलेले. विनंती पैसे देण्याची नसून मागण्याची आहे, हे पडद्यावर लिहिलेले असते, पण लक्ष येणाऱ्या पैशात असते. तेथेही गोरिला छाती बडवून निघून जातो. पिन लागतो तो खात्यातून पैसे जाण्यासाठी. येण्यासाठी कधीच लागत नाही. हा इशारा वर्षानुवर्षे देऊनही फसवणूक थांबेना, तेव्हा राष्ट्रीय भुगतान निगमने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणीची विनंती बंदच केली. कार्ड आधी आणि नोटा नंतर, या जुन्या उपायाच्याच जातीचा हा उपाय होय.

काही वेळा रचनाकाराने कल्पनाच न केलेला माणूस पडद्यासमोर येतो. दूरचित्राद्वारे ग्राहकाची ओळख पटवण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिली. समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, हे ठरवण्यासाठी पापण्या मिटून दाखवण्यास सांगण्याची पद्धत रूढ झाली. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना पापण्या मिटताच येत नाहीत. यंत्राच्या लेखी ती माणसे जिवंतच नव्हती. अशा एका महिलेने आणि दृष्टिहीन अर्जदाराने दाखल केलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. जिवंतपणा पडताळण्याचे अन्य मार्ग असावेत, संकेतस्थळे आणि ॲप अपंगांना वापरता येतात की नाही याची नियमित तपासणी व्हावी, कागदी पद्धतीचा पर्याय चालू राहावा, असे त्यात आहे. आणखीही एक निर्देश आहे: यंत्राने नाकारलेला अर्ज पुन्हा तपासण्यासाठी पलीकडे माणूस बसलेला असावा.